तौरात, जबूर, इंजील उर्दूत वाचायची असेल तर

तुम्ही विचारलंय की कुरआनाआधीच्या आसमानी किताबांवर (तौरात, जबूर, इंजील) ईमान, म्हणजे श्रद्धा, ठेवायची असते, तर त्या उर्दूत मिळतात का आणि मुसलमानाने त्या वाचाव्यात का.

मिळतात. ‘किताब-ए-मुकद्दस’ या नावाने पूर्ण बायबल उर्दूत आहे. त्यातले पैदाइश, खुरूज, अहबार, गिनती आणि इस्तिस्ना हे पहिले पाच भाग म्हणजे यहुद्यांची तौरात. जबूरमध्ये 150 स्तोत्रं आहेत. इंजीलच्या जागी मत्ती, मरकुस, लूका आणि यूहन्ना या चौघांच्या नावांची चरित्रं सापडतील. हजरत इब्राहीम (अ.) यांच्या सहीफ्यांचा, म्हणजे त्यांच्यावर उतरलेल्या छोट्या ग्रंथांचा, उल्लेख सूरह आलामध्ये आहे, पण ते आज कुठेच उपलब्ध नाहीत.

वाचण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आपला ईमान आहे तो हजरत मूसा, दाऊद आणि ईसा (अ.) यांच्यावर उतरलेल्या वह्यीवर, म्हणजे अल्लाहच्या संदेशावर. आज हातात येणारं पुस्तक शब्दशः तेच आहे असं इस्लाम मानत नाही. बदल नेमका कशात झाला, मजकुरात की अर्थ लावण्यात, यावर उलेमांमध्ये (धर्मपंडितांमध्ये) जुना मतभेद आहे. आपल्याकडे तो 19व्या शतकात फार जोरात मांडला गेला. मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांनी 1854 मध्ये आग्र्याला ख्रिस्ती पादरी फांडर यांच्याशी मुनाजरा (जाहीर धार्मिक वादविवाद) केला तो मजकुरातल्या बदलावर. त्यानंतर थोड्याच वर्षांत सर सय्यद अहमद खान यांनी उर्दूत बायबलचं भाष्य लिहायला घेतलं आणि त्यांचा कल अर्थातल्या बदलाकडे राहिला. दोघांनीही बायबल नीट वाचलं होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

हजरत उमर (रजि.) तौरातचा मजकूर घेऊन आले तेव्हा पैगंबर (स.) नाराज झाले, अशी हदीस मुस्नद अहमद या हदीससंग्रहात आहे. तिच्या आधारे अनेक मुफ्ती सामान्य माणसाला हे वाचन नको म्हणतात. त्यामागची काळजी खरी आहे. पण अहले-किताबचं (यहुदी-ख्रिस्तींचं) ऐकून ‘खरं’ही म्हणू नका, ‘खोटं’ही म्हणू नका, ही बुखारी या हदीससंग्रहातली हदीसही आहे. माझं मत असं की कुरआन तर्जुम्यासह (भाषांतरासह) एकदा तरी पूर्ण वाचलेला असेल तर जरूर वाचा. नसेल तर आधी तो वाचा. सूरह माइदाच्या 48व्या आयतीत कुरआन स्वतःला आधीच्या किताबांची पुष्टी करणारा आणि त्यांच्यावरचा निगराणीदार म्हणतो. तो निगराणीदारच माहीत नसेल तर पडताळणार कशाशी?

बायबल पहिल्या पानापासून वाचत सुटू नका. कुरआनातली आयत घ्या आणि तिथून मागे जा. सूरह अंबियाची 105वी आयत जबूरचं नाव घेऊन सांगते की जमिनीचे वारस नेक बंदे होतील. आता जबूर 37 उघडा, 29वी ओळ वाचा. माइदा 45 मधला ‘जिवाबद्दल जीव, डोळ्याबद्दल डोळा’ हा हुकूम खुरूजच्या 21व्या बाबमध्ये (अध्यायात) आहे. सूरह फतहच्या शेवटच्या आयतीत इंजीलमधला म्हणून पिकाचा दाखला येतो, त्याच्याशी मरकुसचा 4था बाब ताडून बघा. मौलाना मौदूदींच्या ‘तफहीमुल कुरआन’ या कुरआनाच्या भाष्यात असे संदर्भ जागोजागी दिलेत, ती शेजारी ठेवा.

जुन्या उर्दू भाषांतरात हजरत ईसांना ‘यसूअ’ आणि हजरत याह्यांना ‘यूहन्ना’ म्हटलंय, तिथे गोंधळू नका. नस्तालीक (उर्दूची लिपी) वाचता येत नसेल तर ‘उर्दू जिओ व्हर्जन’ हे भाषांतर देवनागरी लिपीतही आहे. सुरुवात त्यातल्या जबूरपासून करा.