मागच्या ग्रिलची किल्ली

"मॅडम, काय झालं तर तिथं कोण हाय तिचं?" सोलापुरात होस्टेलच्या खोल्या भरायला लागल्या की पालकांचा हा प्रश्न समुपदेशकापुढे हमखास येतो. ही केस अशाच एका माय-लेकीची आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, खोली दुसऱ्या मजल्यावर. एप्रिलमधल्या एका रात्री तळमजल्यावर एक्स्टेन्शन बोर्ड जळाला. कारण इथल्या उन्हाळ्यातलं नेहमीचंच: बोर्डवर कूलर चालू, त्यातच कुणीतरी मॅगीसाठी इंडक्शन लावलेली. ६ अँपिअरचा साधा पॉइंट २३० व्होल्टला १३८० वॅटपर्यंतच पेलतो. इंडक्शन एकटीच २००० पर्यंत ओढते. आग खोलीबाहेर आली नाही, धूर मात्र जिन्यातून वर चढला. मुली मागच्या दाराकडे धावल्या तर ग्रिलला कुलूप. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन पुढच्या गेटवर. इजा कुणालाच झाली नाही. पण तेव्हापासून ही मुलगी रात्री तीनला उठते, चार्जर तपासते, प्लग चाचपते, आडवी होते, पुन्हा उठते. उमरग्याहून आईचे दिवसाला बारा-पंधरा फोन, आणि लागला नाही की रूममेटला.

"काही होत नाही गं" म्हणण्यात अर्थ नव्हता, कारण झालेलं होतं. कागदावर उभी रेघ मारली. डावीकडे खरा धोका, उजवीकडे धोका टळल्यावरही शरीरात वाजत राहिलेला भोंगा. कुलूपबंद ग्रिल डावीकडे गेलं, तीन वाजताचा चार्जर उजवीकडे. हे वेगळं केलं नाही तर समुपदेशन फसतं. ग्रिलच्या भीतीवर दीर्घ श्वास घ्यायला सांगणं म्हणजे गळक्या पत्र्याखाली छत्री देणं. तिथं अर्जच हवा: रेक्टरच्या नावे, दोन प्रतींत, पाच-सहा मुलींच्या सह्यांनी, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेऊन. मागणी एकच ठेवायची, मागच्या दाराला आतून किल्लीशिवाय उघडणारी कडी. बाहेरच्यांची किंवा मुली पळण्याची काळजी असेल तर दार उघडताच वाजणारी घंटी लावा, कुलूप नको.

उजव्या बाजूचं काम रात्रीचं. तपासणी साडेदहाला, एकदाच, तीही तोंडाने बोलत: प्लग बंद, टॉर्च उशाशी, चप्पल खाटेखाली. तीनला जाग आलीच तर उठायचं नाही. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, दहा वेळा. दरवेळी तपासल्यावर क्षणभर बरं वाटतं, आणि मेंदू धडा घेतो की तपासलं म्हणून वाचलो. मग तो पुन्हा मागतो. शेंगा फोडायला बसल्यासारखं, एकीवर थांबता येत नाही. पहिल्या चार-पाच रात्री जड जातात, हे आधीच सांगून ठेवावं लागतं.

जोडीला दिवसाची तालीम. खोलीपासून जिन्यापर्यंत डाव्या हाताला किती दारं, ते मोजायचं. धुरात दिसत नाही, हाताला लागतं. धूर वर साचतो, म्हणून वाकून चालायचं, लिफ्ट विसरायची, निघताना दार ओढून घ्यायचं. बंद दार उघडण्याआधी त्याला हाताची मागची बाजू लावायची. गरम असेल तर उघडायचं नाही. ओली चादर फटीत कोंबायची आणि खिडकीशी जायचं. सोलापुरी चादर भिजली की जड होते, फटीत घट्ट बसते. फोन ११२ किंवा १०१ ला, आणि आधी पत्ता: रस्ता, कॅम्पस, इमारत, मजला. काय झालं ते नंतर. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो, आणि फोन मध्येच कटला की गाडी निघणार कुठे? बाहेर पोचलेल्यांपैकी एकीने टॉर्च घेऊन मुख्य गेटवर थांबायचं, नाहीतर बंब आवारात इमारत शोधत फिरतो.

आईची भीती मात्र जुनी निघाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ती दहा वर्षांची होती. त्यानंतर कित्येक रात्री सगळं घर अंगणात झोपलं. मुलीला तिची शिकवण एकच, "हललं की पळ." तिच्या घरासाठी ते बरोबरच होतं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीचं जड माळवद, आणि उंबऱ्यापासून दोन पावलांवर अंगण. आरसीसी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मात्र हलत असताना जिन्यात धावणं जास्त धोक्याचं. तिथं टेबलाखाली बसायचं, टेबलाचा पाय घट्ट धरायचा, डोकं झाकायचं, हलणं थांबल्यावर बाहेर. हे ऐकून आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजे धूर आला तर निघायचं, आन हललं तर थांबायचं." एवढं नेमकं तर माहितीपत्रकातही नसतं.

फोनचंही ठरलं. रोज रात्री साडेआठला एक. काही घडलं तर मुलीने आधी साधा एसएमएस करायचा, "बाहेर आहे, ठीक आहे", कारण अशा वेळी कॉल लागत नाहीत. हळूहळू, तीन आठवड्यांत, तीनचं उठणं आठवड्यातून एकदावर आलं. महिना उलटूनही झोप उडालेली राहिली, तो प्रसंग डोळ्यांसमोरून हलेना किंवा वर्गात जाणंच बंद झालं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं लागतं. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

कडीला अर्जानंतर दीड महिना लागला, तोही दोनदा आठवण केल्यावर. तोवर किल्ली दाराशेजारी काचेच्या पेटीत टांगलेली होती. आईचा साडेआठचा फोन चालू आहे. "जेवलीस का" नंतरचा तिचा प्रश्न अजून तोच: "मागचं दार उघडून बघितलंस का आज?"