ज्ञान झालं की ते द्यायला लोकांत परत यावंच लागतं का?

प्रश्न: माझे काका रिटायर झाल्यापासून पूर्ण साधनेत आहेत, पहाटे उठून ध्यान, कोणाशी फार बोलत नाहीत, काही विचारलं तर नुसतं हसतात. खरं सांगू, मला राग येतो. काही गवसलं असेल तर ते इतरांना द्यायला नको का? नाहीतर हा स्वार्थच ना? — एक वाचक, सातारा

उत्तर: राग समजतो, पण "द्यायलाच पाहिजे" हे मला पटत नाही. हा प्रश्न खुद्द बुद्धांनाही पडला होता. बोधगयेला बोधी मिळाल्यावर आधी त्यांना वाटलं की हे इतकं सूक्ष्म आहे, लोकांना कळणार नाही, उगाच दमणूक होईल, गप्प राहिलेलं बरं. मग पाली ग्रंथांत येतं की ब्रह्मा सहंपती या देवाने विनवलं, काहींच्या डोळ्यांत धूळ कमी आहे, त्यांना ऐकायला मिळालं नाही तर ते वाया जातील, आणि बुद्धांनी करुणेने जगाकडे पाहिलं नि निघाले. गंमत म्हणजे वाटेत पहिलाच भेटला तो उपक नावाचा आजीवक पंथाचा साधू, त्याने सगळं ऐकलं, "असेलही" म्हणत मान हलवली आणि दुसऱ्या वाटेने निघून गेला! तरी बुद्ध सारनाथला पोचले, जुन्या पाच साथीदारांकडे. नुसतं कर्तव्य म्हणून निघालेला माणूस तिथेच वैतागला असता हो.

आपल्या तुकोबांचंही तेच, बुडती हे जन न देखवे डोळां, येतो कळवळा म्हणोनियां. न बघवल्यामुळे बोलतात ते, कोणी सांगितलंय म्हणून नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात तर स्पष्टच आहे की जो आत्म्यातच तृप्त आहे त्याला कार्य उरत नाही.

आणि देणं म्हणजे प्रवचनच असं थोडीच आहे? दक्षिणेतले संत रमण महर्षी १८९६ मध्ये सोळाव्या वर्षी तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलैला आले ते १९५० पर्यंत तिथेच राहिले, सुरुवातीची वर्षं तर जवळपास मौनातच, तरी लोक नुसते समोर बसायला यायचे.

तुमच्या काकांना काय गवसलंय ते मी इथून कसं सांगू. एकदा काही न विचारता त्यांच्या शेजारी बसून बघा. पण घरचं दवाखाना, बिलं, बाजार सगळं एकट्या काकूंवर पडत असेल तर मात्र काकांशी जरूर बोला, आणि तेव्हा नुसत्या हसण्यावर गप्प बसू नका.