काबूलच्या बाजारातून आणलेली ‘व्हिक्टोरिया राणीची’ बंदूक अस्सल आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नात्यातल्या एकाने काबूलहून शोभेची म्हणून मार्टिनी-हेन्री ही जुनी इंग्रजी रायफल आणली. तिच्या लोखंडी पेटीच्या (नळीमागचा, आत यंत्रणा असलेला भाग) उजव्या अंगाला मुकुट, ‘व्ही. आर.’ ही व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं, ‘एनफील्ड’ हे कारखान्याचं नाव आणि १९०५ साल आहे. ती इंग्रजांच्या कारखान्यातली की पेशावरजवळच्या दरा गावच्या कारागिरांची, आणि दऱ्याची असेल तर भंगारात घालायची का?

दऱ्याची आहे, आणि भंगारात मुळीच घालू नका.

सालातच सगळं उघडं पडलंय. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. त्यानंतर सरकारी हत्यारावर एडवर्डचं ‘ई. आर.’ हवं, १९१० नंतर जॉर्जचं ‘जी. आर.’. शिवाय मार्टिनी इंग्रज फौजेत आली १८७१ ला. १९०५ पर्यंत गोरी पलटण ली-एनफील्ड या नव्या रायफलीवर कधीच गेली होती. त्यातून तुमचा फोटो मोठा करून पाहिला, तर ‘एनफील्ड’मधला ‘एन’ उलटा, आरशात दिसावा तसा. कोरणाऱ्याला ती लिपी वाचता येत नव्हती. त्याच्यासाठी ती अक्षरं नव्हतीच, नमुन्यावरची नक्षी होती, आणि नक्षी त्याने मन लावून उतरवलीय.

दरा आदमखेल हे पेशावर-कोहाट रस्त्यावरचं, आदमखेल आफ्रिदींचं गाव. सरहद्दीवरच्या पठाणांकडे आधी लांब नळीच्या जेझैल होत्या, त्या स्थानिक लोहारच घडवत. इंग्रजांच्या मागून भरायच्या रायफली आल्यावर जेझैलचा निभाव लागेना. मग छावण्यांतून रायफली चोरीला जाऊ लागल्या, इतक्या की शिपाई बंदूक साखळीने अंगाला बांधून झोपत. दुसरी वाट मस्कतची होती: तिथून इराणच्या किनाऱ्यावरून उंटांच्या पाठीवर माल अफगाणिस्तानात उतरायचा. १९१० च्या सुमारास इंग्रजी आरमाराने ती वाट आवळली आणि दऱ्यातल्या भात्यांना तेजी आली. ती बंदूक कुणाला फसवायला केलेली नसे. घेणाऱ्याला ठाऊक असे ती कुठली आहे, आणि ती उडावी एवढीच त्याची अपेक्षा असे. मुकुट तिच्यावर यायचा कारण तो नमुन्यावर होता.

भाता, ऐरण, कानस आणि हाताने फिरवायचं ड्रिल एवढ्यावर हे काम चाले. पोलाद म्हणून रेल्वेचे रूळ, गाड्यांचं भंगार, जे मिळेल ते. मला खरं आश्चर्य ठशांचं वाटत नाही, पेटीच्या आतल्या कामाचं वाटतं. मार्टिनीत खालचा दांडा ओढला की मागच्या खिळीवर डुलणारा ठोकळा पुढून खाली झुकतो, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि त्याच हालचालीत कळ चढते. हे सगळं नकाशाशिवाय, समोर ठेवलेला एक नग पाहून कानशीने जुळवायचं! यंत्रावर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, तो मान डोलावेल.

हातकामाच्या खुणाही तिथेच सापडतात. एनफील्डच्या कारखान्यात १८५० च्या दशकापासून भाग मापाने बनत, एकाचा स्क्रू दुसरीला लागे. दऱ्याचा स्क्रू ज्या भोकासाठी केला त्यातच बसतो, आणि त्याच्या डोक्यावरची खाच बहुधा मधोमध नसते. कारखान्याचा ठसा एका घावात बसतो, म्हणून त्याच्या रेषा सारख्या खोल असतात. छिन्नीने कोरलेलं अक्षर कुठे खोल, कुठे उथळ. पेटीच्या आत बॅटरी मारली तर कानशीचे ओरखडे दिसतील. मात्र एकाच खुणेवर निकाल देऊ नये, कारण अस्सल नळी आणि दऱ्यात घडवलेली पेटी असे संकरही पुष्कळ आहेत.

जाता जाता एक गंमत. नेपाळच्या राणा दरबारानेही बाहेरून मार्टिनीसारख्या दिसणाऱ्या ‘गहेंद्र’ रायफली हातानेच करवून घेतल्या होत्या, पण त्यांच्यावर मुकुट नाही. आकडे आणि अक्षरं चक्क देवनागरीत. २००३ च्या सुमारास काठमांडूचा जुना साठा अमेरिकेत विकला गेला तेव्हा तिकडच्या शौकिनांना ते वाचायला माणसं शोधावी लागली असतील.

तुमच्या नगाचं वय सांगणं अवघड आहे. २००१ नंतर काबूल आणि बगरामच्या बाजारात परदेशी सैनिक गिऱ्हाईक झाले. अमेरिकी कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार ‘पुरातन’ धरतात, ते घरी नेणं सोपं. मग बाजारात अचानक १८९८ च्या आतली सालं असलेल्या मार्टिनी उदंड झाल्या. याला मात्र मी सरळ बनावट म्हणेन. तुमच्या नगावर १९०५ आहे, म्हणजे कोरणाऱ्याला निदान हा हिशेब माहीत नसावा. ती त्या लाटेच्या आधीची असण्याची शक्यता मला त्यामुळेच जास्त वाटते, खात्री नव्हे.

एक गोष्ट ठामपणे सांगतो: तिच्यात काडतूस घालू नका, कुणी जाणकार म्हणवणाऱ्याने सांगितलं तरी. पोलाद कसलं, ते कुणाला माहीत नाही, आणि असली नळी फुटली तर उडवणाऱ्याच्या तोंडाशी फुटते.

जमलं तर पेटीच्या डाव्या अंगाचा आणि नळीच्या तोंडाचा फोटो टाका. स्क्रू स्वतः खोलू नका, गंजलेले असले तर डोकी तुटतील. आणि ब्रासो लावून चकचकीत तर मुळीच करू नका. आहे ती काळपट झाक राहू द्या, वय ठरवायला तीच उपयोगी पडेल.