आघाडीवर असूनही विजेतेपद का निसटले?

प्रश्न : २०१० च्या फॉर्म्युला वन मोसमातील शेवटच्या शर्यतीचे, अबू धाबी ग्रां प्रीचे, चित्रीकरण नुकतेच पुन्हा पाहिले. गुणतक्त्यात अग्रस्थानी असलेल्या फर्नांडो अलोन्सोला चौथा क्रमांकही पुरेसा होता, तरी तो सातवा आला. दोष डावपेचांचा मानावा की नशिबाचा?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : दोष मुख्यतः डावपेचांचाच. शर्यतीपूर्वी अलोन्सोचे २४६, मार्क वेबरचे २३८, सेबास्टियन फेटेलचे २३१ आणि लुईस हॅमिल्टनचे २२२ गुण होते. अलोन्सोच्या संघाने, फेरारीने, सारे लक्ष वेबरवर ठेवले. वेबर टायर बदलण्यासाठी लवकर पिटमध्ये (मार्गालगतच्या दुरुस्तीच्या जागी) गेला, तेव्हा तो आपल्याला गाठील या धास्तीने १५ व्या फेरीत त्यांनी अलोन्सोलाही आत बोलावले. वास्तविक अलोन्सो त्या वेळी हव्या त्या चौथ्या क्रमांकावरच धावत होता, आणि खरा धोका सर्वांच्या पुढे असलेल्या फेटेलकडून होता.

नशिबाचा भाग पहिल्याच फेरीत घडला. मायकेल शूमाकरची गाडी गिरकी घेऊन उलट्या दिशेने थांबली, तिच्यावर आपल्या फोर्स इंडिया संघाचा लिउत्सी आदळला आणि सेफ्टी कार, म्हणजे अपघातानंतर सर्वांना संथ वेगाने आपल्या मागे ठेवणारी गाडी, आली. ती संधी साधून रेनॉचा विताली पेत्रोव्ह आणि मर्सिडीजचा निको रोसबर्ग यांनी सक्तीचा टायरबदल तेव्हाच उरकला. परिणामी अलोन्सो पिटमधून बाहेर पडला तो पेत्रोव्हच्या मागे, आणि तेथेच अडकला. चोर्ला घाटात ट्रकमागे सापडलेल्या मोटारीसारखी त्याची गत झाली. पुढच्या गाडीच्या मागची हवा विस्कळीत असल्याने वळणावर पकड कमी होई, आणि सरळ पट्ट्यावर रेनॉ वेगवान होती. ओव्हरटेकिंगला मदत करणारा हलता मागचा पंख, म्हणजे डीआरएस, २०११ मध्ये आला.

फेटेल जिंकला आणि २५६ गुणांसह, अलोन्सोपेक्षा केवळ ४ गुण अधिक मिळवून, वयाच्या २३ व्या वर्षी विश्वविजेता झाला. त्या संपूर्ण मोसमात तो त्यापूर्वी एकदाही गुणतक्त्यात अग्रस्थानी नव्हता.

आणखी एक हिशेब आपण मांडून पाहावा. आठवडाभर आधी ब्राझीलमध्ये फेटेल पहिला आणि त्याचाच सहकारी वेबर दुसरा आला होता. तेथे रेड बुलने वेबरला पुढे जाऊ दिले असते, तर फेटेलचे ७ गुण कमी झाले असते आणि अबू धाबीतील निकाल तोच राहता, तर विजेतेपद अलोन्सोकडे गेले असते. उलट फेरारीने त्याच वर्षी जर्मनीत अलोन्सोचा सहकारी फेलिपे मासा याला बाजूला सारून अलोन्सोला जिंकवले, त्यासाठी १ लाख डॉलरचा दंडही भरला, आणि तरीही ते गुण अखेरीस अपुरेच पडले.