खेड्यात राहून स्वतःची कादंबरी स्वतः छापली तर परवडेल का? लोक तिला खरं पुस्तक मानतील का?

तुम्ही लिहिलंय की कादंबरी छापील १६० पानांची होईल, संवाद अंबाजोगाईकडच्या बोलीत आहेत आणि एका प्रकाशकाने ती वर्षभर ठेवून ‘भाषा प्रमाण करून द्या’ म्हणत परत पाठवली.

तीनशेच्या वर प्रती स्वतः खपवायची तयारी असेल तर परवडेल. पैशाचं पुढे सांगतो, आधी भाषेचं बोलू द्या.

भाषा बदलू नका. ‘कामून’चं ‘का’ केलं आणि ‘करलालाव’चं ‘करताय’ केलं की पात्राचं गाव पुसलं जातं. आपल्याकडच्या लिखाणाला गेली कित्येक वर्षं हेच सांगितलं गेलंय आणि मला त्याचा संताप आहे. पुस्तक स्वतः काढण्यातलं सगळ्यात मोठं सुख हेच, की शेवटचा शब्द तुमचा असतो.

मात्र बोली छापायला प्रमाणभाषेपेक्षा जास्त शिस्त लागते. एका पानावर ‘न्हाई’, दुसऱ्यावर ‘नाई’, तिसऱ्यावर ‘नाय’ आलं तर वाचक त्याला बोली म्हणत नाही, मुद्रणदोष म्हणतो. म्हणून टाइप करायला देण्याआधी वहीत शब्दयादी करा. आमी की आम्ही, तुमाला की तुम्हाला, करलालाव की करू लालाव, हे एकदा ठरवायचं. पात्रागणिक फरक ठेवायचा असेल (आजी ‘न्हाई’ म्हणते, शिकलेला नातू ‘नाही’ म्हणतो) तर तोही यादीत लिहायचा. निवेदन प्रमाण ठेवायचं की तेही बोलीत, हे पहिल्या प्रकरणाआधी पक्कं करा, कारण अर्ध्यात बदललं तर सगळं मुद्रितशोधन पुन्हा करावं लागतं. यादीची एक प्रत डीटीपीवाल्याला (संगणकावर पानं मांडणाऱ्याला) द्या, एक मुद्रितशोधकाला (छपाईच्या चुका काढणाऱ्याला). मुद्रितशोधक आपल्या भागातलाच बघा. बाहेरचा कितीही हुशार असला तरी त्याचा हात आपोआप ‘दुरुस्ती’ करतो.

यानंतर फॉन्ट. सगळ्यात जास्त पुस्तकं इथेच बिघडतात. तुम्ही मोबाईलवर किंवा संगणकावर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेतात, टाइप केलं असणार. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी अजून बरेच डीटीपीवाले पेजमेकर या जुन्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखे जुने फॉन्ट वापरतात. मजकूर तिकडे नेताना रूपांतर करावं लागतं आणि त्यात ‘ऱ्य’ हमखास मरतो. कारण असं, की हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिलं जातं. एका प्रकारात साध्या ‘र’ला एक न दिसणारं जोडचिन्ह लागतं आणि रूपांतर करताना ते गळून पडतं. मग ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, बालाघाटातल्या दऱ्यांचा दर्या होतो, आणि लग्नातल्या आचाऱ्यांचे आचार्य होतात. शेवटच्या दोन चुका तर स्पेलचेकलाही सापडत नाहीत, कारण तेही खरे शब्दच आहेत. याशिवाय ‘ॲ’, ‘ऑ’, ‘ऱ्ह’, अवतरणचिन्हं आणि लांब रेघ एकेक करून शोधा.

याला सरळ उपाय म्हणजे इनडिझाइन या मांडणीच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडवरच मांडणी करणारा माणूस शोधणं. त्यालाही परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करायला सांगा, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. यशोमुद्रा किंवा तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट मोफत आहेत आणि मजकुराला चांगले दिसतात. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आलेत ना, एवढं बघून घ्या. मुद्रितं तीनदा वाचा: पहिल्यांदा हस्तलिखिताशी ताडून, दुसऱ्यांदा फक्त दुरुस्त्या (एक शब्द वाढला की ओळी सरकतात आणि नवी चूक शिरते), आणि तिसऱ्यांदा कागदावर छापून, मोठ्याने. बोलीची चूक डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते.

कागदाचा हिशेब स्वतःला आलाच पाहिजे. डेमी आकार, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, यात फर्मा (एकत्र छापून दुमडलेला पानांचा संच) १६ पानांचा. तुमचे १० फर्मे होतात. अर्पणपत्रिका, मनोगत, श्रेयपान धरून १६०मध्येच बसवा. १६३ झाली तर अर्धा फर्मा वाढून १६८ पानांचे पैसे जातात. २३ बाय ३६ इंची मोठ्या कागदावर ३२ पानं बसतात, म्हणजे एका प्रतीला ५ कागद, ५०० प्रतींना २५०० कागद, म्हणजे ५ रीम. वर खराबी वेगळी. ७० जीएसएम (एका चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथोचं, म्हणजे पुस्तकाच्या साध्या छपाईच्या कागदाचं, या आकाराचं एक रीम साधारण १८.६ किलो भरतं.

हे वजन लक्षात ठेवा, फसवणूक यातूनच पकडता येते. ७० जीएसएमचा आतला कागद आणि ३०० जीएसएमचं मुखपृष्ठ असेल तर कापून तयार झालेली प्रत साधारण १९० ग्रॅम भरते. आत ६० जीएसएम घातला असेल तर १६५च्या आसपास येते. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर हे कळतं. रंग नॅचरल शेड घ्या, पांढराफेक कागद डोळ्याला टोचतो. कागदाचा तंतू पुस्तकाच्या कण्याला समांतर हवा. आडवा असेल तर पावसाळ्यात पानं लाटेसारखी होतात आणि पुस्तक नीट उघडत नाही. बांधणीआधी एक कोरी डमी मागा आणि कण्याची जाडी त्यावरच मोजून मुखपृष्ठ करा. अंदाजाने केलं की कण्यावरचं नाव मलपृष्ठावर घसरतं. गठ्ठे पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात कण्याचा डिंक मऊ पडून पानं सुटतात.

आता पैसे. दर प्रेसनुसार बदलतो, म्हणून आकडे नमुन्याचे धरा. प्रत ८० रुपयांना पडली तर ५०० प्रतींचे ४०,०००. डीटीपी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ मिळून २०,०००. एकूण ६०,०००. किंमत २५० ठेवून स्वतः २०० रुपयांना विकली तर ३०० प्रतींना पैसे निघतात. दुकानदाराला ४० टक्के दिले तर हाती १५० येतात आणि ४०० प्रती लागतात. शिवाय दुकानातला हिशेब विकल्यावर होतो, कधी होईल ते त्याच्या मर्जीवर. हजार छापल्या की प्रत स्वस्त पडते, कारण प्लेटचा खर्च दोन्हीकडे तेवढाच असतो. या मोहात पडू नका. भीती वाटत असेल तर १०० प्रती डिजिटलवर छापा. प्रत महाग पडेल, पण पलंगाखाली गठ्ठे राहणार नाहीत. आणि प्रकाशन समारंभ साधा ठेवा. हॉल, मंडप, शाली आणि जेवण यांवर मुद्रितशोधनापेक्षा जास्त खर्च करणारे लेखक आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. मला ते चूक वाटतं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेच्या पोर्टलवर लेखकाला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला एक रुपया देऊ नका. तो स्वतःचा क्रमांक देतो आणि नोंदीत प्रकाशक म्हणून त्याचं नाव लागतं. ई-पुस्तकाला वेगळा क्रमांक घ्या. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते, शिवाय मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांनाही. आता प्रकाशक तुम्ही आहात, त्यामुळे हे काम तुमचं. शासनमान्य ग्रंथयादीसाठी ग्रंथालय संचालनालयाला वेळेत प्रत पाठवा आणि जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात टेबल घ्या.

‘खरं पुस्तक’ म्हणाल तर, ‘स्वतः छापलेलं म्हणजे कुणी न घेतलेलं’ असं म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. लेखकाकडून पन्नास हजार घ्यायचे, ५०० सांगून २०० छापायच्या, त्यातल्या १०० लेखकाला द्यायच्या आणि वर स्वतःचं बोधचिन्ह लावायचं, याला ते प्रकाशन म्हणतात. २०१०नंतर प्राध्यापकांच्या गुणांकनात आयएसबीएनचा क्रमांक मोलाचा झाला, तेव्हा महाविद्यालयांच्या आसपास हा धंदा किती फोफावला ते सगळ्यांनी पाहिलंय. पैसे लेखकाचेच असतील तर हक्क, प्रती आणि हिशेबही लेखकाकडेच हवेत.

एक मान्य करतो. संपादक देणारा, लेखी करार करणारा आणि पैसे न मागणारा प्रकाशक मिळत असेल तर थांबा. चांगला संपादक विकत मिळणं कठीण असतं. हे पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिच्यासाठी हस्तलिखित छापण्याआधीच पाठवावं लागतं, म्हणून प्रेसला आगाऊ रक्कम देण्याआधी ती बघा. किंडलवर ७० टक्के मानधन हवं असेल तर भारतातल्या विक्रीसाठी ॲमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट योजनेत जावं लागतं आणि ९० दिवस ई-पुस्तक दुसरीकडे कुठेच ठेवता येत नाही. आधी छापील प्रती विका, मग ते करा. टपालाने प्रत पाठवताना ज्ञान पोस्ट ही टपाल खात्याची पुस्तकांसाठीची सेवा विचारा: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, कर वेगळा. पाकीट धरून तुमची प्रत त्यात बसते, फक्त पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं लागतं.