क्षमा केल्याशिवाय मन बरं होत नाही का? ख्रिस्ती आणि इस्लाम धर्म काय सांगतात?

तुम्ही लिहिलंय की भागीदारानं धंद्यातले पैसे बुडवले, तुम्ही पोलिसांत तक्रार केलीत आणि तेव्हापासून धड झोप नाही. ख्रिस्ती मित्र म्हणतो क्षमा कर, दुकानातला मुस्लिम सहकारी म्हणतो माफ करणं मोठं पुण्य आहे. मग क्षमा म्हणजे तक्रार मागे घ्यायची का, हा तुमचा प्रश्न.

मी वसईची कॅथलिक, लग्न होऊन माहीमला आले. तीस वर्षं नर्स म्हणून काम केलं. शेजारच्या खाला, म्हणजे मावशी, दापोलीकडच्या कोकणी मुसलमान. धर्मशास्त्र मी शिकलेली नाही, पण या प्रश्नानं मला सहा वर्षं छळलंय, म्हणून लिहिते.

आधी आमच्याकडचं. पेत्र या शिष्यानं येशूला विचारलं, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणाला, सत्तर वेळा सात. आणि लगेच एक गोष्ट सांगितली. एका नोकरावर राजाचं दहा हजार तालांत कर्ज होतं. एक तालांत म्हणजे सुमारे ६००० दीनार, आणि दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. हिशेब करा, सहा कोटी दिवसांची मजुरी. राजानं ती सोडून दिली. तोच नोकर बाहेर पडला आणि शंभर दीनारांसाठी दुसऱ्या नोकराचा गळा धरला.

प्रवचनात हे शंभर दीनार चिल्लर असल्यासारखे सांगतात. मला ते कधी पटलं नाही. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे गरीब घराचे तीन महिने. तुमचं नुकसान किरकोळ आहे, विसरून जा, असं येशू म्हणतच नाही. तुमचं देणं खरं आहे, पण तुम्हाला त्याहून कितीतरी जास्त सोडलं गेलंय, असं तो म्हणतो. आमची क्षमा उभी आहे ती या ‘आधी मिळालेल्या’वर, म्हणजे येशूनं आमच्या पापांसाठी क्रुसावर दिलेल्या प्राणावर. म्हणून आमच्यासाठी ती ऐच्छिक नाही. रोजच्या प्रार्थनेत आम्ही स्वतःलाच बांधून घेतो: आम्ही जशी क्षमा करतो, तशी आम्हाला कर.

माझ्या सख्ख्या भावानं वाडीतला माझा हिस्सा परस्पर विकला होता. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. दर उपवासकाळात कुमसारला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, जायचे, सगळी पापं सांगायचे, ही गोष्ट सोडून. मला वाटायचं, पाप त्याचं आहे, मी कशाला सांगू?

मग खाला हजला निघाल्या. जाण्याआधी त्या दारोदार फिरून म्हणत होत्या, “कहासुना माफ कर गो बाय.” मी म्हटलं, तुम्ही माझं काय वाईट केलंय? त्या हात सोडीनात. म्हणाल्या, नळावरच्या भांडणात तुझ्या सासूला मी नको ते बोलले होते. ती गेली, आता तूच तिच्या जागी. तोंडानं म्हण, माफ केलं.

मी म्हटलं. खाला रडल्या, मीही रडले. मग त्यांनी समजावलं. गुन्हा अल्लाहचा असेल तर तौबा करायची: पश्चात्ताप, ते काम सोडणं, पुन्हा न करण्याचा निश्चय. मध्ये कोणी लागत नाही, बंदा आणि अल्लाह. पण माणसाचा हक्क मारला असेल, ज्याला हुकूकुल इबाद म्हणतात, तर नुसत्या तौबेनं भागत नाही. घेतलेलं परत करायचं किंवा त्या माणसाकडून माफी मिळवायची. पैगंबरांनी खरा कंगाल कोण ते सांगितलंय: कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात (म्हणजे दान) सगळं घेऊन येणारा, पण कुणाला शिवी दिलेली, कुणाचा माल खाल्लेला. त्याची पुण्यं त्या लोकांना वाटली जातात, ती संपली की त्यांची पापं याच्या माथी येतात.

तुमच्यासारख्या फसवल्या गेलेल्या माणसाला यात मोठा आधार आहे असं मला वाटतं. तुमच्या वतीनं परस्पर कुणी माफ करून टाकत नाही. कुराणात वाईटाचा मोबदला तेवढाच घ्यायची मुभा आहे, आणि लगेच पुढे म्हटलंय की जो माफ करून समेट करील त्याचं बक्षीस अल्लाहकडे. म्हणजे हक्क मान्य करून त्याहून वरची वाट दाखवली आहे. दोन धर्मांतला हा फरक खरा आहे, तो पुसू नये.

पण खालांनी सांगितलेली, पैगंबरांचे जवळचे सोबती अबू बक्र यांची गोष्ट ऐकताना मला आमचंच शुभवर्तमान ऐकल्यासारखं झालं. मिस्तह नावाचा त्यांचा गरीब नातेवाईक त्यांच्याच मदतीवर जगायचा. अबू बक्र यांच्या मुलीवर, म्हणजे पैगंबरांच्या पत्नी आयेशांवर, लोकांनी आळ घेतला तेव्हा तोही त्यात सामील झाला. अबू बक्र यांनी शपथ घेतली, आता याला काही देणार नाही. तेव्हा कुराणातल्या सूरा नूर या अध्यायातली आयत आली: अल्लाहनं तुम्हाला माफ करावं असं तुम्हाला वाटत नाही का? त्यांनी मदत पुन्हा सुरू केली.

आता तक्रारीचं. सिस्टर राणी मारिया या ननचा १९९५ मध्ये इंदूरजवळ खून झाला. २००२ मध्ये त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, त्याही ननच, तुरुंगात जाऊन खुन्याला राखी बांधली. तेव्हा तो शिक्षा भोगतच होता. क्षमेसाठी खटला नाहीसा व्हावा लागला नाही. चोरलेलं परत करणं तर आमच्या कुमसारातही माफ होत नाही. तेव्हा तक्रार राहू द्या. पैसे मागा.

आणि एक, नर्स म्हणून. क्षमेनं रक्तदाब बरा होतो म्हणून गोळ्या बंद करणारे मी वॉर्डात पाहिलेत. तसं करू नका. माहीमला बुधवारी चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला माणसं रांगा लावतात, गुरुवारी मखदूमबाबांच्या दर्ग्यात. त्यातली कितीतरी डॉक्टरांची फाइल पिशवीत घेऊनच येतात, आणि ते बरोबर आहे. कुराण स्वतःला छातीत जे आहे त्यावरची शिफा, म्हणजे इलाज, म्हणतं. छातीत म्हणजे मनात. झोप न येणं हे थोडंफार त्या खात्यातलं, पण महिना उलटला तरी झोप नसेल तर डॉक्टरांकडे जा.

खाला निघाल्या त्या आठवड्यात मी कुमसारला गेले आणि भावाचं नाव घेतलं. फादरांनी लगेच भेट म्हणून सांगितलं नाही. रोज त्याच्यासाठी एक प्रार्थना कर, एवढंच. पहिले काही दिवस दात आवळून केली. कधीतरी लक्षात आलं की रात्री त्याच्याशी मनातल्या मनात चाललेलं भांडण थांबलंय. खाला परतल्या तेव्हा जमजमचं पाणी आणि खजूर घेऊन आल्या. त्यातले थोडे खजूर मी वसईला भावाकडे नेले. वाडीचा दावा अजून चालू आहे. वहिनीनं चहा केला.