शी हिरवी झाली म्हणून दूध तोडायचं का?

या वेळी आलेल्या पत्रांत "बाळाला दूध पचत नाही" हे वाक्य इतक्या वेळा आलंय की म्हटलं बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आधी हेच घेऊ.

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी सव्वातीन महिन्यांची आहे, पूर्ण अंगावर पिते. महिनाभर झाला शी हिरवी आणि फेसाळ होते, दिवसातून सात-आठ वेळा, पोट गुडगुडतं, गॅस होतात, पिताना मधेच सोडून किंचाळते. शीची टेस्ट केली त्यात साखर पॉझिटिव्ह आली आणि सगळे म्हणायला लागले लॅक्टोज इन्टॉलरन्स आहे, तुझं दूध बंद कर. मी स्वतः तीन आठवडे दूध-दही-चहा सगळं सोडून बघितलं, काडीचा फरक नाही. वजन मात्र छान वाढतंय. आता दूध तोडू का? — एक थकलेली आई

उत्तर : ताई, आधी एक कप चहा करून घ्या, दूध घालून. तुम्ही दूध प्या की नका पिऊ, तुमच्या दुधातलं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, तेवढंच राहणार, कारण ते तुमच्या पोटातून तिथे जात नाही, स्तनातच तयार होतं. आईच्या १०० मिलि दुधात साधारण ७ ग्रॅम लॅक्टोज असतं, गाईच्या दुधात ५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे माणसाच्या बाळाला निसर्गाने उलट जास्तच दिलंय.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं, वजन छान वाढतंय हे. ज्या बाळांना जन्मतःच लॅक्टेज म्हणजे हे लॅक्टोज तोडणारं एन्झाइम नसतं त्यांना पहिल्या काही दिवसांतच पाण्यासारखे जुलाब सुरू होतात, वजन उतरतं, बाळ सुकून जातं. तीन महिने घरी बसून टेस्ट करायला वेळच मिळत नाही. आणि हा आजार इतका दुर्मिळ आहे की फिनलंडमध्ये तो सगळ्यात जास्त सापडतो तरी तिथेही साधारण ६०,००० जन्मांत एखादा. मोठ्या माणसांना दूध प्यायल्यावर पोटात जी गडबड होते ती वेगळी, ती वयाची दोन-तीन वर्षं उलटल्याशिवाय सहसा सुरू होत नाही.

मग रिपोर्टचं काय? फक्त आईच्या दुधावरच्या लहान बाळाचं थोडं लॅक्टोज न पचता मोठ्या आतड्यात जातंच, तिथले बॅक्टेरिया त्यावर पोसतात, त्यामुळे अशा बाळाच्या शीत साखर सापडणं आणि शी आंबट असणं हे नॉर्मल असू शकतं. नुसत्या त्या कागदावरून दूध तोडायचं नाही.

मला तुम्हाला विचारायचंय ते हे की पाजता कशा? घड्याळ लावून पाच मिनिटं इकडे, पाच मिनिटं तिकडे? दूध भरपूर येतं का, बाळाला सुरुवातीला ठसका लागतो का? कारण सुरुवातीचं दूध पातळ असतं, त्यात स्निग्धांश कमी, ते पोटातून पटकन पुढे सरकतं आणि एकदम इतकं लॅक्टोज आतड्यात येतं की असलेलं एन्झाइम पुरं पडत नाही, मग फेस, गॅस, हिरवी शी. हे इन्टॉलरन्स नाही, ही गर्दी आहे. एक बाजू तिला तिच्या मनाने पूर्ण संपवू द्या, तासाभरात परत मागितलं तर तीच बाजू द्या, मग दुसरी. मात्र उत्साहाच्या भरात दिवसभर एकाच बाजूने पाजू नका, दुसरीकडे गाठी येतात आणि दूध आटतं. आणि वजन वाढायचं थांबलं तर हा प्रयोग बंद.

एक शंका उरते, ती म्हणजे दुधातल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी. लॅक्टोज ही साखर, अ‍ॅलर्जी होते ती प्रोटीनची, "दूध पचत नाही" या एका वाक्यात आपण दोन्ही कोंबतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. अ‍ॅलर्जीत शीत रक्ताच्या रेषा, चिकट शेंब, अंगावर खरबरीत लाल चट्टे, उलट्या असं दिसतं, आणि तिथे आईचं खाणं मोजलं जातं कारण गाईच्या दुधातलं प्रोटीन थोडंफार आईच्या दुधात उतरतं. म्हणजे तुम्ही तीन आठवडे दूध सोडलंत लॅक्टोजच्या नावाखाली, उत्तर मात्र मिळालं प्रोटीनच्या प्रश्नाचं. फरक पडला नाही, यापैकी काही दिसतही नाहीये, तर ती शक्यता बरीच मागे पडली.

लॅक्टेजचे ड्रॉप्स कोणीतरी सुचवतीलच. काही बाळांना बरं वाटतं, काहींना काही होत नाही, आणि तसंही बाळांचं रडणं सहा आठवड्यांच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप उतरतं, श्रेय बाटलीला जातं.

प्रश्न : मुलगा नऊ महिन्यांचा. दोन महिन्यांपूर्वी जुलाब झाले, ते थांबले पण नंतर फॉर्म्युलाची प्रत्येक बाटली प्यायली की अर्ध्या तासात आंबट वासाची पाण्यासारखी शी, ढुंगण लालभडक. डॉक्टरांनी लॅक्टोज-फ्री फॉर्म्युला दिला, आता पाच आठवडे सगळं ठीक आहे. डॉक्टर म्हणतात नेहमीचा परत चालू करा पण घरात सगळे घाबरलेत. कायमचं हेच ठेवलं तर? — एक बाबा

उत्तर : तुमचं प्रकरण मात्र खरोखरच लॅक्टोजचं होतं. लहान आतड्याचं अस्तर टर्किश टॉवेलसारखं असतं, बारीक बारीक उभे धागे, आणि लॅक्टेज त्या धाग्यांच्या अगदी टोकाला. जुलाबात टॉवेलचं टोक झिजतं, म्हणून लॅक्टेज सगळ्यात आधी जातं आणि सगळ्यात शेवटी परत येतं. बहुतेक बाळांत दोन ते चार आठवडे, कधी कधी सहा-आठ. पण येतं.

कायमचं ठेवायची गरज नाही, शिवाय त्या डब्यात लॅक्टोजऐवजी जी ग्लुकोज-छाप साखर असते ती दातांना जास्त वाईट, आणि तुमच्या चिरंजीवांना दात येतच असतील, तेव्हा बाटली तोंडात ठेवून झोपवणं आजपासून बंद.

परत सुरू करताना बाळ बरं असेल असा आठवडा निवडा, प्रवास नाही, सर्दी-ताप नाही. दोन्ही फॉर्म्युला आपापल्या मापाने वेगवेगळे बनवा आणि मग मिसळा, पावडरी एकत्र करू नका. दिवसातल्या एकाच बाटलीत ३० मिलि नेहमीचा, बाकी लॅक्टोज-फ्री, दोन दिवस. मग ६० मिलि, मग अर्धी बाटली, मग पूर्ण, मग दुसरी बाटली. एखादी शी सैल झाली म्हणून लगेच हाय खाऊ नका, ओळीने तीन-चार पाण्यासारख्या झाल्या तर एक पायरी मागे या आणि दोन आठवडे थांबा. दोन-तीन प्रयत्न करूनही जमलं नाही तर मग डॉक्टरांना म्हणा आता मागचं कारण शोधा, कारण जिआर्डियासारखा जंतू, गव्हातल्या ग्लुटेनचा सीलिअ‍ॅक आजार किंवा मघाची ती प्रोटीन अ‍ॅलर्जी यांतही आतड्याचं अस्तर असंच झिजतं. आणि अ‍ॅलर्जी निघाली तर लॅक्टोज-फ्री डबा कामाचा नाही, त्यात गाईच्या दुधाचं प्रोटीन जसंच्या तसं असतं.

पुढे कधी परत जुलाब झाले तर ओआरएस आणि झिंक, आणि अंगावर पीत असेल तर ते चालूच. डोळे खोल, रडताना पाणी नाही, टाळू आत गेलेली, सहा-आठ तास डायपर कोरडा, शीत रक्त, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

प्रश्न : सहा महिने पूर्ण होतायत, लॅक्टोज-फ्रीवर आहे. वरचं खाणं कसं सुरू करू? दही चालेल का? कॅल्शियम कुठून मिळणार?

उत्तर : मान धरतो, आधाराने बसतो, चमचा जिभेने बाहेर ढकलत नाही, तर सुरू करा. जुलाबाच्या भीतीने लांबवू नका, सहा महिन्यांनंतर शरीरातला लोहाचा साठा संपत येतो आणि ते काम नुसत्या दुधाने होत नाही. धान्य, डाळी, भाज्या, फळं, अंडं, मासे, मांस यात लॅक्टोज नसतंच, तेव्हा शिजवून मऊ कुस्करून बिनधास्त द्या, मीठ-साखर न घालता, आणि मध वर्षाच्या आत अजिबात नको.

लॅक्टोज लपतं ते तयार डब्यात. बेबी सीरियल, बिस्किट, ब्रेड यांच्या लेबलवर मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, स्किम्ड मिल्क पावडर शोधा. लॅक्टिक अ‍ॅसिड लिहिलं असेल तर घाबरू नका, ते नाव सारखं आहे एवढंच.

दही चालतं बऱ्याच जणांना, कारण विरजणातल्या बॅक्टेरियांनी थोडं लॅक्टोज आधीच खाल्लेलं असतं आणि उरलेलं पचवायला ते पोटातही मदत करतात. एक चमचा, खाण्याबरोबर, दोन दिवस बघा. मुरलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज जवळपास नसतं पण मीठ असतं म्हणून चिमूटभर. लॅक्टोजचं गणित हो-नाही असं नसतं, किती यावर असतं. अ‍ॅलर्जी असेल तर मात्र दही-चीज दोन्ही बंद, तिथे थोडंसुद्धा चालत नाही.

कॅल्शियम ७ ते १२ महिन्यांत दिवसाला साधारण २६० मिलिग्रॅम लागतं, ते तुमच्या फॉर्म्युलातूनच बरंचसं येतं. व्हिटॅमिन डी ४०० युनिट, त्यासाठी ड्रॉप्स लागतात का ते डॉक्टरांना विचारा. बदामाचं, ओट्सचं दूध वर्षाच्या आत फॉर्म्युलाच्या जागी देऊ नका, आणि तांदळाचं दूध आर्सेनिकमुळे पाच वर्षांपर्यंत नकोच.

आणि एक वही करा. एक आई माझ्याकडे फोनमध्ये ४३ डायपरचे फोटो घेऊन आली होती, तारीखवार, मला हसू आलं पण उत्तर त्यातच होतं, सैल शी दह्याच्या दिवशी नव्हतीच, सफरचंदाचा ज्यूस दिला त्या दिवशी होती.

प्रश्न : नातवाला गाईचं दूध सोसत नाही. शेळीचं उकळून, पाणी घालून दिलं तर? — आजी

उत्तर : आजी, नको. शेळीच्या दुधात लॅक्टोज जवळपास तेवढंच, प्रोटीनही गाईच्या प्रोटीनचं सख्खं भावंड, आणि फोलेट, म्हणजे रक्त तयार व्हायला लागणारं व्हिटॅमिन, फारच कमी. उकळून लॅक्टोज जात नाही. पाणी घातलं तर लॅक्टोजबरोबर बाकीचं सगळंही पातळ होतं, पोट भरल्यासारखं वाटतं आणि वजन जागच्या जागी राहतं. नातू किती महिन्यांचा ते तुम्ही लिहिलं नाहीत, वर्षाच्या आतला असेल तर गाईचं दूध प्यायला देणंच मुळात लवकर होतं. वय, वजन आणि कुठलं दूध कधीपासून चालू आहे ते कळवा, पुढच्या अंकात नीट लिहिते.